चांदीचा पाय

(वेढा पडलेलं कोतोर बंदर, भर दुपार. चांदीकाम करणाऱ्या त्रिपोचं दुकान. समोर म्हातारा खलाशी निक्शा आणि त्याची बायको स्ताने.)

निक्शा : मुशीत काय हवं ते घाल, त्रिपो. समया घाल, धूपदानं घाल, बिशपांचं ताटसुद्धा घाल. माझा पाय तेवढा बाहेर काढ.

त्रिपो : निक्शाकाका, सेनापतीचा हुकूम आहे. बाहेरून पगार येत नाही, शिपाई उपाशी, आणि भट्टीवाले उधार पाव देत नाहीत. चर्चमधली सगळी चांदी वितळवून नाणी ओतायचीत.

निक्शा : अरे, पण त्यात लोकांचे नवस आहेत! मी डोलकाठीवरून पडलो, पाय मोडला, वैद्यांनी हात टेकले. हिनं मरियामातेला चांदीचा पाय बोलला, तेव्हा कुठं मी उभा राहिलो. तो वितळला की हा माझा पाय गेलाच!

स्ताने : नवस मी बोलले, चांदी माझ्या कानांतली. ह्यांनी काय केलं? पडले!

निक्शा : तू गप गं. त्रिपो, ही बघ माझ्या बंडीची चांदीची बटणं. आजोबांपासूनची. बाराच्या बारा. वजनाला वजन घे नि पाय दे.

त्रिपो : थांबा, तोलतो... भरतंय वजन. उलट थोडं जास्तच आहे.

निक्शा : मग झालं तर! आण पाय.

त्रिपो : कुठून आणू, काका? तो सकाळच्या पहिल्याच मुशीत गेला. ह्या नाण्यांत कुठंतरी तुमची टाच असेल, कुठं घोटा.

निक्शा : सकाळी? सकाळी म्हणजे कधी?

त्रिपो : उजाडताना चर्चची पहिली घंटा झाली तेव्हा.

निक्शा : स्ताने, बसायला दे काहीतरी. मला उभं राहवत नाही.

स्ताने : आत्ता उभं राहवत नाही? सकाळी धक्क्यावर गेलात, तटावर चढून तोफा बघून आलात, मग ही बातमी ऐकली नि अख्खं गाव ओलांडून माझ्यापुढे तरातरा इथं आलात. ते काय माझ्या पायांवर?

निक्शा : ...खरंच की गं. दुखत नाहीये.

स्ताने : माऊलीनं दिलेला पाय आहे तो. ती काय दिलेलं परत मागते?

त्रिपो : उचला बटणं, काका. जपून न्या.

निक्शा : नको, राहू दे. तीही घाल मुशीत. तटावरची पोरं उपाशी आहेत ती.

स्ताने : आणि बंडी? उघड्या छातीनं हिंडणार? वारा काय बोचरा सुटलाय!

निक्शा : थंडी वाजली तर जरा भरभर चालेन.