कवडूजींच्या बोटाला जमणारी भाषा

आजच्या सभेचे सन्माननीय अध्यक्ष, आपले प्राचार्य डॉ. शरच्चंद्र वैरागडे सर, व्यासपीठावरील मान्यवर, जिथं बसल्या आहेत तिथूनच 'आवरा सर' अशी खूण करणाऱ्या आमच्या सत्कारमूर्ती प्रेमलता पांढरीपांडे मॅडम, आणि रामदासपेठेच्या ट्रॅफिकमधून वाट काढत वेळेवर पोहोचलेल्या सज्जनहो,

संगणक विभागात मॅडमसोबत मी एकोणीस वर्षं काढली. त्यांच्या विद्वत्तेबद्दल आधीच्या वक्त्यांनी सांगितलंच आहे, तेव्हा मी माझ्या मूर्खपणाबद्दल बोलतो. विषय फारसा बदलत नाही.

गेल्या वर्षी शेवटच्या वर्षाची रितिका प्रोजेक्ट घेऊन माझ्याकडे आली. तिचे वडील कवडूजी इतवारीत भांड्यांवर नावं टाकतात. आपल्यापैकी कितीतरी जणांच्या लग्नातली ताटं त्यांच्या हाताखालून गेली असतील. दिवाळीनंतर त्यांना पक्षाघात झाला आणि तोच उजवा हात लुळा पडला. पहिले सहा महिने मोलाचे, रोज बोटं हलवा, असं डॉक्टरांनी बजावलं होतं. व्यायामाला रबरी चेंडू दिला, तर कवडूजींनी तो डाव्या हातानं भिरकावला. 'मी का लहान पोट्टा आहो का, चेंडू दाबून राहू?' म्हणून रितिकाला वडिलांसाठी मोबाइलवरचा गेम करायचा होता. तिनं मला विचारलं, 'सर, कोणत्या लँग्वेजमध्ये करू?'

आता सांगा, असा प्रश्न मास्तराला विचारावा का? मी फुललो. म्हटलं, गेम म्हणजे सी प्लस प्लस, त्याखाली बात नाही. आणि तयार इंजिन वापरायचं नाही, स्वतःचं लिहायचं. इंजिन म्हणजे गेमच्या पोटातली यंत्रणा, जी खेळणाऱ्याला कधी दिसत नाही. पोरगी आज्ञाधारक. तीन महिने लिहीत राहिली. तीन महिन्यांनी पडद्यावर काय अवतरलं? एक निळा चौकोन. तो डावीकडून उजवीकडे जायचा, आणि त्याची सावलीसुद्धा पडायची. मी खूश होतो. सहापैकी तीन महिने संपले, हे माझ्या ध्यानातही नव्हतं.

मॅडमनी तो चौकोन पाहिला. 'सर, हे खेळणार कोण? कशावर?' मी म्हटलं, 'कवडूजी, त्यांच्या जुन्या मोबाइलवर.' 'आणि त्यांचं बोट किती हलतं?' मी रितिकाकडे पाहिलं. तिनं स्वतःचं बोट टेबलावर ठेवून बाबांचं किती सरकतं ते दाखवलं. तिळभर.

मॅडमची पद्धत जुन्या विद्यार्थ्यांना ठाऊक आहे, ते आत्तापासूनच हसून राहिले. गेम आधी हातानं खेळून दाखवायचा, भाषेचं नंतर बघू. त्यांनी कँटीनमधून स्टीलचं ताट मागवलं, त्यावर खडूनं ठिपके काढले आणि रितिकाला ते बोटानं जोडायला लावले. जोडून झाले तेव्हा ताटावर नाव उमटलं होतं. 'झाला गेम,' मॅडम म्हणाल्या. 'आता सांग, याला काय काय लागलं?' ठिपके, बोट आणि थोडा आवाज. एवढं तर मोबाइलच्या ब्राउझरला आधीच जमतं. त्याची जावास्क्रिप्ट ही हलकी भाषा पुरली. सहाव्या दिवशी गेम तयार होता.

गेम खेळायच्या पहिल्या दिवशी मी कवडूजींच्या घरी हजर होतो. रितिकानं दुकानातल्या नाव टाकायच्या मशीनचा आवाज रेकॉर्ड करून आणला होता. बोट रेघेवर असेपर्यंत तो घरघरणार, बोट सुटलं की बंद. तिनं बाबांचं बोट उचलून पडद्यावरच्या ताटावर ठेवलं. आवाज आला आणि थांबला. मग ते बोट, कोणी न धरता, पुढे सरकलं आणि मशीन पुन्हा घरघरलं. मित्रहो, पडद्यावर डोंगर कोसळताना, समुद्र उसळताना मी पाहिले आहेत. पण त्या तिळभर रेघेची सर कशालाच नाही. कवडूजी मात्र वैतागले. 'रेघ वाकडी गेली वं पोरी. परत लाव.' पुढं दिवसातून चाळीस वेळा ते हेच म्हणायचे.

मी घालवलेल्या तीन महिन्यांत तो हात आणखी किती सुधारला असता, हे डॉक्टरांनाही सांगता येत नाही. मी कवडूजींची माफी मागितली, तर त्यांनी मलाच चहा पाजला. मॅडमनी तो विषय कधी काढला नाही, आणि त्याचं ओझं मला जास्त वाटतं.

विभागातर्फे मॅडमना हा पितळेचा तांब्या द्यायचा आहे. नाव दुसऱ्या कारागिराकडून टाकून घेऊ म्हटलं, तर कवडूजी भडकले. 'माह्या पोरीच्या मॅडमचं नाव दुसरा काहून टाकन?' त्यांना चार दिवस लागले. 'प्रे' खाली घसरला आहे, 'ता'चा काना नको तितका लांबला आहे.

आपण माझं एवढं ऐकून घेतलंत, अध्यक्षांनी घड्याळाकडे पाहायचं टाळलं, सर्वांचा मी ऋणी आहे. बोलण्यात काही राहिलं, काही जास्त झालं असेल, तर उदार मनानं सांभाळून घ्यावं. तांब्यावरच्या अक्षरांसाठी मात्र मी क्षमा मागत नाही. या कवडूजी, तांब्या तुम्हीच द्या. उजव्या हातानं.