आधी मेघ

आत्या : रडून झालं असेल तर डोळे मीट आणि समज, तू इतकी मोठी आहेस की उजेडाला तुझ्या या खांद्यावरून त्या खांद्यावर पोचायला वीस वर्षं लागतात.

खारू : मी रडत नव्हते. आणि मोठी असून उपयोग काय? शाळेच्या नाटकात मी तेजोमेघ, आणि तेजोमेघ नुसता उभा. ताऱ्यांना गाणं, ताऱ्यांना नाच. मला एक वाक्यसुद्धा नाही. मी बाईंना सांगणार, मला हे काम नको.

आत्या : सांग की. त्या येईपर्यंत ही वायर धर. नाटकाचे दिवे मलाच बघायचेत. तुझ्यावर कोणता टाकायचा ठरलाय?

खारू : समोरून लाल. म्हणजे मेघ लाल दिसेल.

आत्या : हं. तुझा झगा आण इकडे. बॅटरी मार त्याच्यावर.

खारू : मळकट गुलाबी. पायपुसण्यासारखा.

आत्या : माझ्या शिवणाला नावं ठेवू नकोस. बॅटरी विझव. आता हा दुसरा दिवा लावते.

खारू : लागला कुठे? ...थांब. आत्या, दिवा अंधारा आणि झगा लालभडक!

आत्या : या दिव्याचा उजेड आपल्याला जवळजवळ दिसत नाही. कापड मात्र तो पितं आणि स्वतःचा रंग बाहेर टाकतं. आकाशातल्या मेघाचं अगदी असंच नाही, पण पुष्कळसं असंच. नवे, धगधगते तारे न दिसणारा उजेड ओततात, मेघातला वायू तो घेतो आणि लाल उजळतो.

खारू : म्हणजे लाल रंग ताऱ्यांचा नाही?

आत्या : ते निळसर पांढरे. लाल वायूचा, घरचा. पण फुगू नकोस. तारे नसतील तर तू काळोखीच. आणि साधा पिवळा तारा चालत नाही, तेवढी धग लागते.

खारू : मग हे तारे येतात कुठून?

आत्या : त्याच मेघातून. वायू गोळा होतो, आवळतो, तापतो आणि तारा होतो.

खारू : आमच्या नाटकात तारे आधी येतात. मग मला मागून ढकलत आणतात, कपाट आणल्यासारखं.

आत्या : ते मला काय सांगतेस? बाई आल्या बघ.

बाई : काय गं खारू, तारे सांगत होते, तुला काम नको म्हणे?

खारू : हवंय, बाई. पण समोरचा लाल दिवा काढा. आत्याचा हा दिवा ताऱ्यांच्या हातात द्या.

आत्या : हातात नको, डोळ्यांवर येईल. मी वर टांगते. तारे आले की लावते.

खारू : चालेल. आणि बाई, पडदा उघडताना तारे नकोत. आधी मी.

बाई : अगं, पण तेव्हा सगळा अंधार. लोकांना दिसणार काय?

खारू : काही नाही. मी जाऊन उभी राहते. तुम्ही तारे पाठवा.