शंका आहे तोवर

—छे छे, ती खुर्ची नको, तिचा पाय डुगडुगतो, या इथे खिडकीपाशी बसा. आणि हळू बोलायची काही गरज नाही हं, खाली ताईला ऐकू गेलं तर जाऊ दे, ऐकून न ऐकल्यासारखं करण्यात ती पटाईत आहे. तर तुम्ही विचारत होतात, 'काढणे' आणि 'पुसणे' असे दोन शब्द कशाला, एकाने भागत नाही का. नाही भागत! अहो, जमीन-अस्मानाचा फरक आहे. प्रोग्रॅम 'काढला' तर तो जातो, पण तुम्ही त्यात केलेल्या सेटिंग्ज मागे राहतात, उद्या परत बसवला की तुमची मांडणी जशीच्या तशी. 'पुसला' तर सेटिंग्जसकट गेला, मग बसा बोंबलत. आणि जुन्या पुस्तिकेत दोन्हींना एकच शब्द — 'हटवा'. का? कारण ती ताईने लिहिली होती, आणि ताईला वाटतं, जे तिला कळतं ते जगाला पाळण्यात असल्यापासून कळतं.

तुम्हाला पुस्तिका काढणाऱ्या मंडळाने पाठवलंय म्हणजे तुम्हाला हे सगळं ठाऊक असणार, पण मी आपली पहिल्यापासून सांगते, मला मधूनच सुरुवात करता येत नाही. तर हा ताईचा प्रोग्रॅम, म्हणजे पॅकेज मॅनेजर — आमची आई शेवटपर्यंत त्याला 'तो तुमचा हमाल' म्हणायची, आणि काही चुकीचं नव्हतं तिचं. तुम्हाला एक प्रोग्रॅम हवा असतो, त्याला चालायला आणखी सहा लागतात, त्या सहांना आणखी कोण कोण लागतात — हे सगळं शोधायचं, आणायचं, जागच्या जागी बसवायचं, आणि नको झालं की सांडलवंड न करता उचलायचं. ताईने हे एकटीने उभं केलं, खालच्या खोलीत बसून, भावोजी गेले त्याच्या पुढच्या वर्षी. लोक विचारतात, दुःखात सुचलं कसं? दुःखात नाही सुचलं हो, दुःख नको म्हणून सुचलं. आणि पुस्तिका माझ्याकडे आली, कारण मी शाळेत भाषा शिकवत होते आणि घरात दुसरं कोणी रिकामं नव्हतं.

पद्धत काय, ते सांगते. प्रत्येक शब्दाचं एक पान, कॉम्प्युटरवर, तिला खाली दिसतं आणि मला इथे. शब्दाचा अर्थ मी लिहायचा, ताईने तपासायचा. पानाखाली शंका लिहायची सोय आहे, आणि ताईचाच नियम — शंका आहे तोवर पान बंद नाही. एक जरी शंका उघडी असली तरी नवी पुस्तिका बाहेर पडत नाही. कडक आहे हो, पण बरोबर आहे. ती कोणालाच सोडत नाही, स्वतःलाही नाही. एकदा एका स्वल्पविरामावरून आमचं आठवडाभर चाललं होतं. हसता काय, खरंच! शेवटी काढला तो स्वल्पविराम. तिचं बरोबर होतं, पण मी ते कबूल केलं नाही, मी लिहिलं, 'जागा वाचवण्यासाठी काढत आहे.'

बोलून का नाही मिटवत? — आम्ही बोलत नाही. म्हणजे तोंडाने नाही. पानाखाली लिहितो की! मध्ये एक जिना आहे नुसता, पण तो ती चढत नाही आणि मी उतरते ते फक्त दूध आणायला, तेही ती अंघोळीला गेली की. पण लिहिणं रोज. परवा 'भांडार'च्या पानाखाली तिने लिहिलं — सगळे प्रोग्रॅम जिथे ठेवलेले असतात ते भांडार — तर तिने लिहिलं, 'दुसरं वाक्य फार लांब. गॅस संपत आलाय, नोंदवायला सांग.' एकाच ओळीत! मी लिहिलं, 'वाक्य लांब नाही, तुझा दम कमी झालाय. गॅस नोंदवला.' तिला खोकला आहे ना थंडीपासून. औषध घेते की नाही, कोण बघणार. मी लिहिलं होतं तसं, 'अपडेट'च्या पानाखाली, ती म्हणाली, विषयाला धरून लिहा. 'लिहा' म्हणाली मला, अहो-जाहो!

भांडण कशावरून? काही मोठं नाही. भाचा तिकडे समुद्रापलीकडे असतो, तो तिला बोलावतोय, त्याला मूल झालंय, तिने कायमचं यावं, घर विकावं. तिने मला जेवताना सांगितलं. मी म्हटलं, जा की, अडवलंय कोणी. बस, एवढंच. तशी मी तोंडाची फटकळच, सगळ्यांना माहीत आहे, तिला नको का माहीत असायला? ती ताट घेऊन उठली आणि म्हणाली, पुस्तिका पुरी झाली की जाते, अर्धवट काम टाकून जाणाऱ्यातली मी नाही. आता असं कोणी म्हटल्यावर दुसऱ्या माणसाने काय करावं, तुम्हीच सांगा — काही नाही. असू दे. चहा टाकते मी. नको? बरं.

हो. बघा, बघा, मी कुठे नाही म्हणतेय. उघड्या शंका सगळ्या माझ्याच आहेत. मग? कोणीतरी शंका काढायला नको? 'अपडेट' म्हणजे नुसती यादी ताजी करणं आणि 'अपग्रेड' म्हणजे खरोखर नवं आणून बसवणं — लोक हमखास घोळ घालतात त्यात, म्हणून मी विचारत राहिले. एवढ्यांदा कशाला? — तुम्ही असं बघू नका माझ्याकडे. ते मिटलं होतं, मान्य आहे, ताईने इतकं स्वच्छ लिहिलं होतं की माझ्या विद्यार्थ्यालाही कळलं असतं. मीच सकाळी उठून पुन्हा उकरून काढलं. आणि तो छापखान्यातला माणूसही मला माहीत आहे, तुम्ही नका सांगू. जुन्या पानावरचं 'हटवा' वाचून त्याने सगळं पुसलं, त्याची आयुष्यभराची मांडणी गेली, फोनवर रडला तो माझ्याजवळ. नवं पान वेळेवर निघालं असतं तर — मला कळत नाही असं वाटतं का तुम्हाला? मला सगळं कळतं. पान बंद झालं की ती जाणार, आणि ती गेली की या घरात मी कोणाशी भांडू, भिंतींशी? मला दुसरं आहे कोण?

तुम्ही आधी खाली जाऊन आलात ना? काय म्हणाली? — काही नाही? — बॅग? कसली बॅग. तिच्याकडे बॅगच नाही, भावोजींची होती ती मीच देऊन टाकली. नवी? दाराशी ठेवली आहे? माळा आवरत असेल हो, तिला आवराआवरीचं वेड आहे.

थांबा. स्क्रीनवर काहीतरी आलं. तिचंच आहे. 'मान्य.' हे काय — याच्याखालीही 'मान्य.' आणि याच्याखाली. माझी एकूण एक शंका, 'मान्य, मान्य, मान्य,' नुसता रतीब घातल्यासारखं! अहो, ही बाई कोणाला मान्य म्हणत नाही, बाबांच्या आजारपणात डॉक्टरांना म्हणाली नाही! जरा सरका, मला बघू दे — 'काढणे'चं पान. इथेही मान्य. इथे कशी म्हणेल? इथे मी परवा मुद्दाम चूक लिहून ठेवली आहे. हो, मुद्दाम! 'काढले असता सेटिंग्जही जातात' — धडधडीत चूक, कारण मला माहीत होतं ती हे वाचून उसळेल, चार दिवस मला फैलावर घेईल, निदान चार दिवस. आणि ती म्हणते, 'तुझं बरोबर आहे. तसंच ठेव.' माझं बरोबर कसं असेल? तिने वाचलंसुद्धा नाही. नाही हो, वाचल्याशिवाय ती राहणार नाही. वाचलं तिने. वाचलं, आणि सोडून दिलं.

मग संपलंच की.

नाही, तुम्ही हात लावू नका, मी करते. त्या पानावर तिचं नाव जाणार आहे. उद्या कोणी म्हणेल, बाईने जन्म घातला या कामात आणि तिला एवढंही माहीत नव्हतं. तिच्या नावाखाली चूक नाही जाऊ देणार मी, कोणासाठीही नाही. हे बघा, खोडलं. 'काढले असता सेटिंग्ज राहतात.' आणि माझ्या बाकीच्या शंका — ही मागे घेतली. ही पण. हीसुद्धा. ही खरी होती जराशी, पण राहू दे, मागे घेतली. झालं. एकही उघडी नाही. मंडळाला कळवा, बाहेर काढा म्हणावं, त्या छापखान्यातल्या माणसालाही कोणीतरी सांगा.

रडत नाहीये मी. उजेड डोळ्यावर येतोय, खिडकीकडे तोंड केलं की होतं असं. तुमचं काम झालं ना? मग निघा. खाली ती भेटली तर पान बंद झालं एवढंच सांगा, कोणी केलं ते सांगायची गरज नाही. — नाही, मी नाही येणार खाली. निघा म्हणते ना.