बेंजो थांबला की काटा खाली

मी, जगन पदाजी घरत, वय ५७ वर्षे, धंदा मासेमारी, राहणार न्हावा, तालुका पनवेल. पोलीस ठाण्यात समक्ष हजर राहून, विचारल्यावरून सांगतो की, पनवेलचे काशिराम यांनी आज संध्याकाळी माझा भाचा हृतिक याच्याविरुद्ध तक्रार दिली आहे. नवरा मुलगा त्यांची मुलगी पूर्वी हिच्याशी ठरलेले लग्न टाकून पळाला, असे त्यात लिहिले आहे. हे साफ खोटे आहे. नवरा बाहेर बाकावर बसला आहे. कपाळाला मुंडावळ्या आहेत, बघून घ्या.

आमच्या घरातला नवरा होडीतून जातो. माझा बाप गेला, मी गेलो. आणि रस्त्याने गेलो असतो तर न्हावा शेव्याच्या ट्रेलरमागे उभे राहून वऱ्हाड म्हातारे झाले असते. म्हणून दुपारी भरती धरून माझ्या होडीने निघालो. होडीत नवरा, करवली, बायका-पोरे, बेंजोवाले. गोरज मुहूर्त होता. पोचायला वेळ पुष्कळ होता.

होडीवर रोषणाई माझ्या पुतण्याने, निकेशने, केली. भरदुपारी कशाला दिवे, असे मी विचारले. व्हिडिओत चांगले दिसते, असे तो म्हणाला. बरं बाबा, म्हटले.

उलव्याच्या पुढे आल्यावर इंजिनाच्या तापमानाचा काटा एकदम लाल पट्टीत गेला. इंजिन मी याच हंगामात खोलून नवे करून घेतले आहे. बायका-पोरे बसलेली असताना तापलेले इंजिन दामटणारा माणूस मी नाही. इंजिन बंद केले, नांगर टाकला. पाणी ओढणाऱ्या पाइपाची जाळी काढून पाहिली. चिखल नाही, प्लास्टिक नाही. पट्टा बघितला, ताठ होता. परत चालू केले तर मागच्या पाइपातून पाणी धो धो बाहेर पडत होते आणि हाताला जेमतेम कोमट लागत होते. काटा मात्र लालच.

तेव्हा मी काशिराम यांना फोन केला. "काशिरामशेठ, इंजिन तापलाय, जरा उशीर होईल," एवढेच बोललो.  ते म्हणाले, "मागच्या टायमाला त्यांची गाडी पंक्चर झाली होती." आणि फोन ठेवला.

साहेब, पूर्वी हिचे लग्न मागच्या वर्षी दुसरीकडे ठरले होते. ते नवऱ्याकडचे लोक गाडी पंक्चर झाली म्हणाले ते आजपर्यंत आले नाहीत. हे मला माहीत होते. तरी मला राग आला. माझ्या भाच्याला त्या पंक्चरवाल्यांच्या ओळीत बसवले, म्हणून आला.

त्या रागात मी बेंजोवाल्यांवर ओरडलो, "बंद करा रे ते! इथं जीव चाललाय आन् तुमचा ढणढणाट!" ते घाबरून थांबले. काटा खाली आला.

हृतिकने ते पाहिले. तो म्हणाला, "मामा, परत वाजवायला सांग." वाजवले. काटा वर. थांबवले. काटा खाली. मग दिवेसुद्धा बंद केले, तर काटा अगदी जिथे हवा तिथे जाऊन बसला. मी इंजिनावर तळहात ठेवला आणि सावकाश दहा आकडे मोजले. इंजिन लालमध्ये असते तर हात एक आकडासुद्धा टिकला नसता. इंजिन ठणठणीत होते. काटा गाण्यावर नाचत होता.

मीटरच्या मागे बघितले. निकेशने दिव्यांची आणि बेंजोच्या स्पीकरच्या मशीनची मायनस वायर मीटरच्याच स्क्रूला अडकवली होती, आणि तिथून बॅटरीकडे जाणारी वायर ढिली. एवढ्या सगळ्यांचा करंट त्या बिचाऱ्या मीटरमधून वाट शोधत होता. निकेश म्हणाला, "काका, मायनस सगली एकच ना?" त्यावर मी त्याला जे बोललो ते लिहू नका, त्याची आई होडीत होती. वायरी वेगळ्या केल्या, स्क्रू घासून घट्ट आवळला. काटा गप्प.

पण या भानगडीत ओहोटी लागली. पनवेलच्या खाडीत ओहोटीला होडी येते कुठे? काठ समोर दिसत होता आणि होडी चिखलात बसली. मी म्हटले, आता रात्रीच्या भरतीशिवाय हलत नाही.  हृतिकने नवे बूट काढले, पायजमा वर घेतला आणि उडी मारली. गुडघ्याच्या वर रुतला. दोनदा पडला. मीही मागोमाग उतरलो. काठावर तक्रारीवरून शोधायला आलेले आपले दोन शिपाई उभे होते, त्यांनीच हात देऊन आम्हाला वर काढले आणि इकडे आणले.

माझे म्हणणे एवढेच आहे. पळणाऱ्याला ओहोटी बरी, समुद्राकडे आपोआप नेते. हा पोरगा चिखल तुडवत पोरीच्या बाजूला आला. पळून जायची ही कुठली रीत?

माझी कोणाविरुद्ध तक्रार नाही. काशिराम यांच्याविरुद्धही नाही. मघाशी होती. पण ते इथे आल्यापासून पाण्याचा घोटसुद्धा न घेता त्याच बाकाच्या दुसऱ्या टोकाला बसले आहेत. एकदा पोळलेला बाप आहे, त्याने दुसरे काय करायचे?

जबाब हवालदारांनी वाचून दाखवला. जरा मोठ्याने वाचा, बाकापर्यंत जाऊ द्या, असे मीच सांगितले. सगळा मजकूर मी बोललो तसाच आहे, पण सही करण्याआधी आणखी एक ओळ वाढवून घ्या. आत्ताच काशिराम उठले, कोपऱ्यातल्या माठातून तांब्या भरून आणला आणि खाली बसून नवऱ्याचे पाय धुवायला लागले आहेत. हे पाय मांडवात धुवायचे असतात, पण त्यांना दम निघाला नाही. चिखल पोटरीपर्यंत आहे, एका तांब्याने भागणार नाही. सही कुठे करायची ते सांगा, मला पाणी घालायला जायचे आहे.