मखमली कव्हर

सुनेचा कॉम्प्युटर एक व्हिडिओ तयार करायला दिवस दिवस का लावतो, हे विचारायला आजी दुरुस्तीच्या दुकानात रांगेत उभ्या होत्या. पुढे एक नवरा-बायको होते. आजींनी कान टवकारलेच.

"आईंच्या पंच्याहत्तरीचा व्हिडिओ," बायको म्हणाली, "शंभरीला दाखवू."

"मेमरी कमी पडत असेल."

"तुझी! आईंनी कॉम्प्युटरला मखमली दुलई शिवलीय, विसरलास?"

"दुलई नाही, कव्हर. धूळ बसू नये म्हणून."

"अस्तरासकट! वर झालर! आत भट्टी पेटलीय बिचाऱ्याची. तापल्यावर हळूच चालणार ना तो?"

"मग काढ की."

"काढते. चहा टाकून येईपर्यंत पुन्हा नेसवलेलं असतं. तू सांग त्यांना."

"मी? सून तू आहेस."

"म्हणूनच नाही सांगत. आई तुझी आहे."

"म्हणूनच मीही नाही सांगत."

"मग एवढं धूड उचलून इथे कशाला आणलं?"

"हे दुकानदार सांगतील ना तिला फोनवर. परक्यांचं ऐकते ती."

दुकानदाराने कपाळाला हात लावला आणि मागे पाहिलं. "आजी, तुमचं काय?"

"काही नाही हो," आजी दाराकडे वळल्या. "घरी जाऊन जरा शिवण उसवायचीय."