जास्तीचा सूर

दवाखान्यातल्या बाकावर माझ्या शेजारी दोघं बसली होती. दोघंही सत्तरीच्या आसपासची, एकाच भिंतीच्या अलीकडे-पलीकडे राहणारी.

"भाऊ, तुमचं मँडोलिन बंद पडलं का हो?"

"नाही वहिनी, रोज वाजवतो. तारांखाली फडकं कोंबलंय, म्हणजे आवाज बाहेर जात नाही."

"कशासाठी?"

"तुम्हीच त्या दिवशी भिंत ठोकलीत की!"

"अहो, तुम्ही चुकलात म्हणून ठोकली. वर चढताना शेवटी एक सूर तुमचा हमखास जास्त लागायचा. म्हटलं, हा माणूस रोज एकाच जागी कसा अडखळतो?"

"ती चूक नव्हे. जॅझच्या त्या सुरावटीत सात नाही, आठ सूर असतात. एक मुद्दाम जास्तीचा घालतात, मग ठेका बरोबर बसतो."

"अगं बाई! आणि मी तुम्हाला सुधारायला निघाले होते."

"मला वाटलं, वैतागलात. म्हातारपणी ही काय थेरं, म्हणून."

"थेरंच आहेत. पण लेकीला फोनवर सांगायला काहीतरी असायचं, आजही भाऊ तिथंच चुकले म्हणून. हल्ली फोन लगेच संपतो."

"अजून हात बसलेला नाही, वहिनी. करंगळी पोचत नाही."

"नाही पोचली तर नाही पोचली. ते फडकं काढा आधी."

"काढतो. पण तुमच्या झोपेच्या, कामाच्या वेळा सांगून ठेवा. कधी वाजवू?"

"कधीही वाजवा. मी घरीच असते."