अनसूयेची चौकट

—अगं हां, तेच तर सांगतोय निकिता, क्लिक नको करूस, क्लिक केलं की खूण होते! बघ, झाली ना? परत दाब, काढ ती खूण. सकाळपासून हेच चाललंय माझं. काढून टाकायला जातो तर खूण होते, परत दाबलं की खूण जाते, चौकट आहे तिथेच. तासभर झगडलो तिच्याशी. मग म्हटलं, आपली निकिता आहे की तिसऱ्या मजल्यावर, अंबडला कंपनीत आठवडाभर एक्सेलच करते, रविवारची झोपली नसेल तर येईल. झोपली नव्हतीस ना? झोपली असलीस तरी आता काय, आलीच आहेस. ती खुर्ची नको, ती डुगडुगते, ही घे. चहा ठेवलाय. नाही बिही काही नाही — एकट्यापुरता चहा मला जमतच नाही, एक तर पाणचट होतो नाही तर काढा, तू असलीस की माप बरोबर येतं. चिवडा पण आहे. बस गं दहा मिनिटं, तुझी कामं कुठे पळून जातायत.

हे अख्खं पान मी स्वतः केलंय बरं का. व्हिडिओ बघून. मृण्मयी म्हणाली होती, बाबा, मोबाइलमध्ये ॲप मिळतं त्याचं — म्हटलं ॲप तुझं तुला लखलाभ, मला माझ्या हातचं हवं. चौतीस वर्षं प्रेसमध्ये तपासणीला होतो मी. छापलेला कागद उजेडाला धरायचा, एखादी रेघ जराशी जरी तुटली असली तरी कागद बाजूला. माझ्या हातून चुकीचा कागद पुढे गेला असं एकाही साहेबाला म्हणता आलं नाही. हे मागे सांगितलंय का मी तुला? लिफ्टमध्ये? बरं, सांगितलं असेल.

तर ही वरची चौकट हिची. अनसूयेची. इथे लिहिलंय बघ — ‘अनसूया, गोळी घेतली’ — आणि शेजारी खुणेची जागा. हीच काढायचीय मला. तिला पक्षाघाताचा झटका येऊन गेला होता ना छोटासा, तेव्हा डॉक्टरांनी निक्षून सांगितलं, रक्त पातळ राहायची गोळी एक दिवससुद्धा चुकवायची नाही. आणि हिला तेव्हापासून विसरायला व्हायचं. मग मी विचारत बसायचो — गोळी घेतलीस? आंघोळ झाली की विचारलं, पूजा आटोपली की विचारलं, कुकर लावताना विचारलं. ती वैतागायची — ‘घेतली हो, घेतली, शंभरदा काय विचारता!’ एकदा तर हातातली पळी आपटली ओट्यावर. म्हणून ही चौकट केली. गोळी घ्यायची आणि इथे येऊन दाबायचं, मी येता-जाता बघायचं. विचारणं नको की भांडण नको. पहिले काही दिवस ती माउसला हात लावायच्या आधी पदराला हात पुसून यायची, म्हणायची, बिघडलं तर मला बोलाल. पण शिकली. छान शिकली. आणि आमचं बोलणं मात्र… म्हणजे गोळीपायी दिवसातून पाच-सहा वेळा तरी बोलायचो की गं, ते थांबलं. तेव्हा मला वाटलं, काय शांतता झाली घरात!

ही खालची? ही माझी. थांब, खाली जावं लागतं, एका वेळी दोन्ही दिसत नाहीत, अक्षर मोठं करून ठेवलंय ना हिच्या मोतीबिंदूसाठी. मध्ये हा तिचा पथ्याचा तक्ता, त्याच्या खाली मी. मला बीपीची गोळी लागली गेल्या वर्षी, फेब्रुवारी होता, निफाडचा तो गाडीवाला खाली द्राक्षं विकायला लागला होता. म्हटलं, आपल्यालाही एक चौकट करू. नव्याने कशाला करायची? हिचीच कॉपी केली, खाली आणून चिकटवली, नाव बदललं. दोन मिनिटांचं काम. मी साडेपाचला उठून फिरून यायचो, सहाला गोळी, सहाला खूण. ही उठायची सातला. रात्री दोन्ही खुणा काढून ठेवायच्या, म्हणजे दुसऱ्या दिवसाला पाटी कोरी. चोख काम होतं सगळं.

आणि त्यानंतर पंधरा दिवसांत ती गेली. दुसरा झटका. तेव्हा हा लॅपटॉप मी मिटला तो आज उघडला, अकरा महिन्यांनी. का उघडला? माझीच गोळी चुकायला लागलीय गं. सकाळी घेतली की नाही तेच आठवत नाही, कुणी विचारणारं नाही. म्हटलं, माझी चौकट ठेवावी, तिची काढून टाकावी. ती नजरेसमोर नको मला.

आता बोललोच आहे तर सांगतो, मृण्मयीशिवाय कुणाला ठाऊक नाही. मला राग आहे हिचा. हो, गेलेल्या माणसाचा. तेराव्यानंतर कपाट आवरताना गोळ्यांचं पाकीट सापडलं. नऊ गोळ्या! एकही शिल्लक असायला नको होती, आणि नऊ! आणि इथे रोज खूण. रोज मी बघितलीय या डोळ्यांनी. म्हणजे काय झालं? गोळी घ्यायची नाही आणि खूण मात्र करायची. माझ्या डोळ्यांत धूळ, चौतीस वर्षं तपासणीत काढलेल्या माणसाच्या! मृण्मयीलाही सांगितलं मी, तुझ्या आईने फसवलं मला, गोळ्या न घेता घेतल्या म्हणून दाखवलं. ती रडली फोनवर. म्हणाली, आई असं करणार नाही. मी म्हटलं, हिशोब माझ्यासमोर आहे. तेव्हापासून तिचे फोन कमी झाले, येतात म्हणजे, पण तब्येत विचारते आणि ठेवते.

असो. काढ तू ती. हां, उजव्या बटणाने का? अरेच्चा, उजवं दाबलं की खूण होत नाही, भोवती ठिपके येतात — एवढंच होतं होय! आता डिलीट कर… काय? थांबलीस का?

कुठे जोडलीय म्हणतेस? ‘सेल लिंक’. बरं, हिची खूण सी-चार या घराला जोडलेली. मग? माझी पण सी-चार. मग? कॉपी केली की जोडणी पण तीच येते, ती वेगळी बदलावी लागते… हे व्हिडिओत नव्हतं. म्हणजे काय गं? एक दाबली की…

दाबून दाखव. माझी दाब. अक्षर लहान कर, दोन्ही दिसू देत. दाब.

आहे. वर खूण आहे.

म्हणजे मी सहाला माझी गोळी घेऊन दाबलं की हिची पण… आणि ही सातला उठून यायची तर… रात्री हिची खूण काढून खाली यायचो तर माझी आधीच निघालेली असायची. मी म्हणायचो, काढली असेल मीच मघाशी. रोज म्हणायचो. कागद उजेडाला धरला नाही गं मी.

निकिता, ती मला म्हणाली होती. इथेच उभी होती, ओल्या केसांना पंचा गुंडाळलेला. म्हणाली, ‘अहो, मी अजून हात लावला नाही, तरी खूण दिसतेय, घेतली का मी गोळी?’ मला विचारलं तिने. आणि मी पेपरातून मान वर न काढता म्हटलं, ‘खूण आहे म्हणजे घेतली असशील, विसरतेस तू हल्ली.’ तर ‘असेल’ म्हणाली आणि गेली आत. तिने विश्वास ठेवला गं. माझ्यावर ठेवला, आणि मी वर्षभर तिला खोटारडी—

नको. वेगळ्या करून नको देऊस, काही नको करूस. राहू दे तसंच. मृण्मयीला फोन करायचाय मला, आत्ता, तू असताना नाही जमायचं. चहा उतू गेला वाटतं, जाता जाता गॅस बंद कर.

काय? माझी गोळी? घेतली गं, घेतली, शंभरदा काय विचार—

नाही घेतली. जा तू. दार ओढून घे.